जिरोना ते ओलोट: आधी कणा, मग फासळ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही पुण्यातले तिघे, पंचेचाळिशीच्या आसपासचे, रोड सायकल बरीच वर्षं चालवता. सिंहगड महिन्यातून दोनदा होतो, ताम्हिणी आणि वरंध करून झालेत. मेच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवस स्पेनमध्ये, कातालुनियातल्या जिरोना शहराच्या आसपास, भाड्याच्या ग्रॅव्हल सायकलींवर (कच्च्या, खडीच्या वाटांसाठी रुंद टायरच्या सायकली) काढायचे आहेत. कुणीतरी तुम्हाला ९६ कि.मी. अंतराची आणि २,३०० मी. चढाईची जीपीएस फाइल दिली आहे. ती एका दिवसात जमेल का, ३२ मि.मी.चे टायर पुरतील का, आणि जुन्या रेल्वेमार्गावरची वाट पोराबाळांसाठी असते म्हणून ती टाळावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी अकरा वर्षं जिरोनात राहतो. आठवड्याचे चार दिवस सायकलदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जातात आणि उरलेले दिवस पाहुण्यांना घेऊन याच डोंगरांत. त्या अनुभवावरून सरळ उत्तरं अशी: फाइल कदाचित जमेल, पण सहलीची सुरुवात तिने करू नका. ३२ चे टायर चालतील, पण अंग खिळखिळं होईल. आणि रेल्वेमार्ग अजिबात टाळू नका, अख्खी सहल त्याच्याभोवतीच बांधा. आता यामागची कारणं सांगतो.

तुमचे पाय तयार आहेत याबद्दल मला शंका नाही. सिंहगडाचा डांबरी घाट महिन्यातून दोनदा चढणारा माणूस इथल्या चढांना घाबरण्याचं कारण नाही. अडचण दुसरीकडे आहे. डांबरावर अंतर आणि चढाई हे दोन आकडे कळले की दिवस कसा जाईल याचा अंदाज येतो. कच्च्या वाटेवर ते दोन आकडे अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी जमिनीत असते: खाली काय दगड आहे, काल पाऊस झाला होता का, महिन्याभरात तिथून लाकडं वाहणारा ट्रॅक्टर गेला का. फाइल बनवणाऱ्याने ती कोरड्या दिवशी, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या टायरवर चालवलेली असते. तो दिवस तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. म्हणून मी पाहुण्यांना ठरलेला रूट देत नाही. खोरं समजावून सांगतो आणि रोज सकाळी आकाश पाहून वाट निवडायला शिकवतो.

नकाशा समोर ठेवा. जिरोनातून पश्चिमेला तेर नदीच्या काठाने निघालात की बेस्कानो, आंगलेस, ला सेल्येरा आणि मग आमेर लागतं. आमेरजवळ तेरचं खोरं सुटतं आणि ब्रुजेंत या तिच्या उपनदीचं खोरं वायव्येला वर चढू लागतं. लेस प्लानेस दोस्तोलेस, सांत फेल्यू द पाल्येरोल्स ही त्यातली गावं. पुढे कोल्य दान बास ही सुमारे ६२० मी. उंचीची खिंड, आणि खिंडीपलीकडे बासचं सपाट शेतीचं मैदान ओलांडलं की ओलोट. कातालान भाषेत ‘कोल्य’ म्हणजे खिंड, ‘पुच’ म्हणजे टेकडी, ‘फोंत’ म्हणजे झरा. एवढे तीन शब्द आले तरी नकाशा बराच वाचता येतो. पश्चिमेला कोल्साकाब्राचे कडे उभे आहेत. एल फार नावाचं देवस्थान ११०० मी.च्या वर अगदी कड्याच्या टोकावर बसलंय, खालून पाहिलं की आपल्या हरिश्चंद्रगडाच्या बाजूचा माणूस मान वर करून थांबतोच. पूर्वेला डोंगराची एक रांग आणि तिच्यामागे ल्येमेना नदीचं दुसरं, शांत, अरुंद खोरं.

या खोऱ्यातून पूर्वी छोटी आगगाडी धावायची. रुळांमधलं अंतर फक्त ७५० मि.मी. आपल्या नेरळ-माथेरानचं ६१० आहे, त्यावरून डब्यांचा आकार डोळ्यांसमोर येईल. लोक तिला लाडाने ‘कारिलेत’ म्हणत. १८९५ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, १९११ मध्ये ती जिरोना आणि ओलोट जोडून पूर्ण झाली आणि १९६९ मध्ये बंद पडली. रूळ उखडले, वाट राहिली. आज ती ५४ कि.मी.ची सायकलवाट आहे. बहुतेक ठिकाणी दाबून बसवलेली माती आणि बारीक खडी, गावांजवळ थोडं डांबर किंवा काँक्रीट. जिरोना समुद्रसपाटीपासून ७० मी.वर आणि खिंड ६२० मी.वर, म्हणजे गाडी साडेपाचशे मीटर चढायची. वाफेच्या इंजिनाला जेवढा चढ झेपतो तेवढाच इथे आहे, त्यामुळे कुठेही दम तुटत नाही.

याच वाटेला मी कणा म्हणतो. आणि डोंगरात शिरणाऱ्या, चढ-उताराच्या, खऱ्या ग्रॅव्हलच्या वाटा म्हणजे फासळ्या. प्रत्येक फासळी कण्यातून निघते आणि कण्याला परत येऊन मिळते. पाऊस आला, कुणाचा गुडघा दुखायला लागला, गिअर बिघडला, तर कुठूनही तासाभरात कण्यावर उतरायचं. तिथून पुढचं गाव फार लांब नसतं. तुमच्या फाइलमध्ये हा आधार नाही. ती मी उघडून पाहिली. ल्येमेना खोऱ्यातून रोकाकोर्बाच्या रांगेवर चढते, पलीकडे उतरते, फिनेस्त्रेसच्या डोंगराकडे पुन्हा चढते, आणि मधल्या चाळीसेक किलोमीटरमध्ये धड एक दुकान नाही. कोरड्या ऑक्टोबरात मी ती आनंदाने करेन. मेमध्ये, नवख्या जमिनीवर, पहिल्या-दुसऱ्या दिवशी नको.

मेबद्दल सांगायलाच हवं. इथे एक म्हण आहे: ओलोटला पाऊस नाही तर कुठेच नाही. ती खरी आहे. भूमध्य समुद्राचा प्रदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर करपलेले डोंगर आणि ऑलिव्हची झाडं येतात. जिरोनाच्या दक्षिणेला बरंचसं तसं आहेही: सूचिपर्णी पाईन, बुचाचे ओक, वाळलेलं गवत. पण खिंड ओलांडून ओलोटकडे आलात की सगळं हिरवंगार, ढगाळ, दमट, आणि मे हा तिथल्या पावसाळी महिन्यांपैकी एक. सकाळ लख्ख असते, दुपारी डोंगरावर ढग जमतात, कधी कधी चारच्या सुमाराला गडगडाट. तुम्हाला मान्सूनची सवय आहे, भिजण्याची भीती नाही हे मला ठाऊक आहे. प्रश्न भिजण्याचा नसून पायाखालच्या मातीचा आहे.

माती समजून घेतली तर निम्मं काम झालं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. या लहानशा टापूत तीन तऱ्हेची जमीन आहे.

एक, ग्रॅनाईट कुजून झालेली जाड वाळू. इथे तिला ‘सावलो’ म्हणतात. गियेरियेस डोंगरांत आणि दक्षिणेकडे ती भरपूर सापडते. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर हा मुरूमच, फक्त रंगाने पिवळसर. पाऊस पडला की पाणी लगेच निचरून जातं, तासाभरात चालवता येतं. पण जोरदार पावसात वाटेच्या मधोमध घळ पडते, आणि उतारावर वरची सुटी वाळू म्हणजे ट्रेकवर जो घसारा लागतो तोच. बुटांखाली घसारा सरकतो तेव्हा आपण काय करतो? अंग सैल सोडतो आणि पाऊल झटक्याने न टाकता हळू टाकतो. सायकलवर तेच. हँडल घट्ट आवळू नका, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही.

दोन, ल्येमेना आणि बान्योलेसच्या बाजूची निळसर-करडी चुनखडीयुक्त चिकण. कोरडी असताना ही या भागातली सर्वांत सुंदर जमीन आहे, सिमेंटसारखी घट्ट आणि गुळगुळीत. ओली असताना तिच्यावर जाऊच नका. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पाऊस थांबून एकच दिवस झाला होता आणि मी पाच जणांना घेऊन रोकाकोर्बाच्या बाजूच्या एका शेतवाटेवर गेलो. ऊन पडलं होतं, वरचा पापुद्रा वाळल्यासारखा दिसत होता. दोनशे मीटरमध्ये चाकं आणि फ्रेमच्या मधली जागा चिखलाने भरली. एकाने तरीही जोर लावून पेडल मारलं. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चाकात ओढला गेला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर मोडला. सायकली खांद्यावर घेऊन तीन कि.मी. चालत आम्ही डांबरावर आलो. तो निर्णय माझा होता, आणि तेव्हापासून माझा नियम आहे: या मातीला पावसानंतर पूर्ण दोन कोरडे दिवस. आपल्याकडची काळी रानाची माती पावसात चपलेला कशी धरते ते आठवा, मग सांगावं लागणार नाही.

तीन, ओलोटभोवतीची ज्वालामुखीची जमीन. गारोत्चा या भागात सुमारे ४० ज्वालामुखी आहेत, सगळे झाडीने झाकलेले. लालसर-काळी हलकी खडी, जिला इथे ‘ग्रेदा’ म्हणतात, ती पाणी अजिबात धरत नाही. पावसाच्या दुसऱ्या सकाळी मी पाहुण्यांना डोळे मिटून तिकडे नेतो. मात्र जिथे लाव्हाचा कातळ उघडा पडलाय आणि त्यावर शेवाळ आहे तिथे उतरून चाला. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येकाला मी कास्तेल्यफोलित द ला रोका हे गाव दाखवतो. बेसॉल्टच्या जवळजवळ ५० मी. उंच कड्याच्या अगदी धारेवर घरं ओळीने उभी आहेत, आणि कड्यात खांबांसारखे उभे दगड. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेली असेल तर ओळख लगेच पटते. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला क्रोस्कात ज्वालामुखी भूगर्भाच्या हिशोबाने कालपरवाचा, जेमतेम दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वी निवालेला. दगड मात्र एकाच कुळातला.

आता टायरकडे येऊ, कारण वरचं सगळं वाचल्यावर उत्तर आपोआप येतं. कण्यावर ३२ पुरतो. मुरमावर आणि खडीवर तो रुततो किंवा उडतो, आणि उडू नये म्हणून हवा कमी केलीत तर रिम दगडावर आपटते. ४० मि.मी. घ्या, मिळाला तर ४५, ट्यूबलेस. ७५ किलोच्या माणसाने ४० च्या टायरमध्ये ३२ ते ३५ पीएसआय ठेवावी. पाहुणे नेहमी घाबरून ५० भरायला सांगतात, कारण रोड सायकलवर ८०-९० ची सवय असते. मी म्हणतो, आधी ३५ वर पाच किलोमीटर चालवा, मग सांगा. आजवर एकानेही परत वाढवायला सांगितलेली नाही.

गिअरचं गणितही तसंच. तुमच्या रोड सायकलवर पुढे ३४ आणि मागे २८ दातांची चकती असेल, म्हणजे सर्वांत हलका गिअर १.२१ चा. सिंहगडावर तो पुरतो, कारण डांबरावर सीटवरून उठून जोर लावता येतो. सुट्या खडीवर उठलात की मागच्या चाकावरचं वजन जातं, ते जागच्या जागी फिरतं आणि तुम्ही थांबता. चढ बसूनच काढायचा असतो, म्हणून गिअर एकापेक्षा हलका हवा. पुढे ४० मागे ४२ म्हणजे ०.९५. पुढे ३० मागे ३४ म्हणजे ०.८८. दोन्हींपैकी काहीही चालेल. वेळेचा हिशोब करताना डांबरावर जे तीन तासांत होतं त्याला साडेचार धरा. उतारावर वेळ भरून निघेल ही आशा सोडा, सुट्या खडीच्या उतारावर चढापेक्षा जास्त सावधपणा लागतो.

एक गोष्ट कुठल्याही रूटपेक्षा महत्त्वाची आहे, आणि भारतातून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. इथल्या भाड्याच्या सायकलींचा तो बहुधा डाव्या हातात असतो. डांबरावर याने फारसं बिघडत नाही. पण खडीच्या उतारावर घाबरून तुम्ही ‘मागचा’ समजून डावा ब्रेक दाबलात तर पुढचं चाक जाम होऊन सायकल पालथी होते. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याचं मनगट माझ्यासमोर असंच मोडलं. दुकानात सायकल घेतानाच ब्रेक अदलाबदल करून द्यायला सांगा. केबलचे ब्रेक असतील तर काम सोपं आहे, हायड्रॉलिक असतील तर जास्त वेळ लागतो, म्हणून आधीच ईमेलने कळवा. नाही म्हणाले, तर पहिला अख्खा दिवस सपाटीवर हाताला सवय लावण्यात घालवा.

दुसरी सवय रस्त्याच्या बाजूची. इथे वाहतूक उजवीकडून चालते. मोठ्या रस्त्यावर लोक चुकत नाहीत, कारण समोर गाड्या दिसत असतात. चूक होते ती रिकाम्या कच्च्या वाटेवरून तासाभराने डांबरावर बाहेर पडताना. मन निवांत असतं, हात सवयीने डावीकडे वळतात. आम्ही गटात एक पद्धत ठेवली आहे: डांबर दिसलं की पुढचा माणूस मोठ्याने ‘उजवी’ ओरडतो आणि मागचे सगळे तेच ओरडतात. ती तुम्हीही पाळा. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. गाडीवाल्याने ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि लोक तो बऱ्यापैकी पाळतात. पुण्याहून आल्यावर पहिले दोन दिवस त्याचंच नवल वाटेल.

आता सहा दिवस. मी स्वतः पाहुण्यांना नेतो तसं सांगतो, तुम्ही हवं तसं मोडा-जोडा.

पहिल्या दिवशी जिरोनाहून कण्यावरून आमेरपर्यंत आणि परत, जवळजवळ सपाट, पन्नासेक किलोमीटर. ब्रेक, उजवी बाजू, टायरमधली हवा, सगळं या दिवशी हाताखाली येऊ द्या. आमेरच्या कमानींच्या चौकात बसून कॉफी घ्या. वाटेत पास्तेरालला एक फाटा सुस्केदा धरणाकडे जातो. मोह होईल, पण तिकडे गाव नाही, पाणी नाही, फोनला रेंज येते-जाते. त्या धरणाच्या वर साऊ नावाचं आणखी एक धरण आहे, त्यात सांत रोमा हे गाव बुडालं. दुष्काळात पाणी उतरलं की चर्चचा मनोरा उघडा पडतो, उजनीत पळसदेवचं मंदिर दिसतं तसा. तो भाग पुढच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मोठं सामान जिरोनाच्या हॉटेलात ठेवून फक्त सीटमागच्या पिशवीत मावेल तेवढं घ्या आणि ल्येमेना खोऱ्यात शिरा. सांत ग्रेगोरी, ल्योरा, सांत मार्ती, सांत एस्तेवे. मुख्य रस्ता डांबरी आहे पण रहदारी नगण्य, आणि नदीच्या पलीकडून शेतांमधल्या पाणंद वाटा जवळजवळ समांतर जातात. जमीन कोरडी असेल तर पाणंद, ओली असेल तर डांबर, दर दोन-तीन किलोमीटरला निवड तुमच्या हातात. खोऱ्याच्या माथ्यावरून पलीकडे लेस प्लानेसला उतरायचं आणि कण्यावरून सांत फेल्यूला मुक्काम. या एका दिवसात तुमच्या फाइलमधला सर्वांत सुंदर तुकडा येतो आणि तिच्यातला धोका वगळला जातो.

सांत फेल्यूच्या जवळ होस्तोलेसच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पंधराव्या शतकात इथल्या वेठबिगार शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध बंड केलं, त्यांचा पुढारी फ्रान्सेस्क द व्हेर्न्ताल्यात हा किल्ला धरून होता. १४८६ मध्ये राजाने निवाडा देऊन सर्वांत जाचक प्रथा रद्द केल्या. गडकिल्ल्यांच्या मुलखातून आलेल्यांनी तासभर काढून पायी वर जावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा दिवस लहान ठेवा. सांत फेल्यूहून खिंड, मग बासचं मैदान, मग ओलोट. खिंडीकडे जाणारा टप्पा कण्यावरचा सर्वांत चढाचा, पण रमतगमत होतो. दुपारी ओलोटमध्ये कपडे धुवा, साखळी पुसून तेल द्या. दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवून ट्यूब वगैरे सकाळीच घ्या.

चौथा दिवस ज्वालामुखींचा. ओलोटहून सांता पाऊपर्यंत जाऊन दुसऱ्या वाटेने परत, अंतर चाळीसच्या आत, पण थांबण्यासारखं खूप. फाजेदा दान जोर्दा हे बीच वृक्षांचं जंगल क्रोस्कातच्या लाव्हावर उगवलंय, जेमतेम ५५० मी. उंचीवर. एरवी हे झाड इतक्या दक्षिणेला बऱ्याच उंचीवर, थंडाव्यात सापडतं. ओलोटचा पाऊस आणि धुकं यामुळे इथे टिकलं. मेमध्ये नवी पालवी पोपटी असते आणि खाली प्रकाशही पोपटी पडतो. सांता मार्गारिदा या ज्वालामुखीच्या मुखात गोल कुरण आहे आणि मधोमध छोटं चॅपल. सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवा आणि चालत वर जा. हा भाग १९८२ पासून संरक्षित आहे, काही वाटा फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहेत. जिथे सायकलला मनाई असलेली पाटी दिसेल तिथे फाइल काहीही म्हणो, शिरू नका. या वाटा उघड्या राहिल्यात त्या आधीच्यांनी नियम पाळले म्हणून.

पाचवा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवतो. पाय ताजे असतील आणि दोन दिवस पाऊस नसेल, तर बियान्याचं खोरं. ओलोटच्या उत्तरेला आहे, रोमनेस्क शैलीची लहान लहान दगडी चर्चं वाटेत भेटत राहतात आणि चढ खरेखुरे आहेत. गुरांच्या कुरणांतून जाताना वाटेवर आडवी तार दिसेल, एका टोकाला प्लॅस्टिकची मूठ असते. तारेत वीज खेळते. मूठ धरून काढायची, सगळे पलीकडे गेले की पुन्हा अडकवायची. उघडी ठेवलीत तर एखाद्याची गुरं संध्याकाळी रस्त्यावर येतात. पाऊस असेल तर बसने बेसालूला जाऊन जुना पूल पाहा, पायांना विश्रांती द्या.

सहाव्या दिवशी ओलोटहून कण्यावरून जिरोनाला परत. ओलोट ४४० मी.वर आहे, सुरुवातीला खिंडीपर्यंत थोडं चढायचं आणि मग चाळीसच्या आत-बाहेर किलोमीटर नुसता उतार. ज्या वाटेला तुम्ही पोराबाळांची म्हणत होता तिच्यावर त्या दिवशी खरोखरच मुलं, आजोबा, कुत्री भेटतील. घंटी वाजवा, हळू जा, ‘बोन दिया’ (शुभ दिवस) म्हणा. १ मेला इथेही सुट्टी असते, त्या दिवशी कण्यावर जत्रा असते, म्हणून तुमचा पहिला दिवस १ तारखेला येत असेल तर सकाळी आठलाच निघा. आणि मेच्या मध्याकडे जिरोनात फुलांचा उत्सव असतो, हॉटेलं भरतात. तारखा पुढे सरकल्या तर खोली आधी धरा.

खाण्यापाण्याचं थोडक्यात. तुमच्यातला एक शाकाहारी आहे असं लिहिलंत. टोमॅटो चोळलेला पाव, बटाट्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा, आणि सांता पाऊचे प्रसिद्ध पांढरे ‘फेझोल्स’, म्हणजे आपल्या वालाच्या-चवळीच्या भावकीतलं कडधान्य. फक्त ‘मांस नको’ म्हणून थांबू नका, डुकराच्या चरबीचे तुकडे कडधान्यात सर्रास घालतात, तेही नकोत असं स्पष्ट सांगा. जेवण दीड ते साडेतीनच्या दरम्यान मिळतं. चारला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद. झऱ्यांवर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर बाटली भरू नका. जंगलात चहासाठी स्टोव्ह पेटवायचा बेत असेल तर तो पुण्यातच सोडून या. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर जंगलात आणि जंगलाच्या आसपास आग पेटवायला बंदी आहे, आणि एकदा वणवा पाहिला की तिचं कारण विचारावं लागत नाही.

जिरोनाला पोहोचणं सोपं. बार्सिलोनाहून वेगवान गाडी चाळीसेक मिनिटांत येते. स्वतःची सायकल आणणार नसल्यामुळे तुम्हाला डब्यातल्या जागेची चिंता नाही. ओलोटला रेल्वे नाही, बस आहे. सायकल भाड्याची असली तरी स्वतःचे पेडल, बूट आणि सवयीची सीट आणा. तिघांत मिळून दोन ट्यूब, ट्यूबलेसच्या भोकात घालायच्या वातींचा एक संच, पंप आणि त्या सायकलीचा जादा हँगर घ्या. हँगर दुकानाकडूनच मागून घ्या, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि बाहेर चटकन मिळत नाही.

तुमची ९६ कि.मी.ची फाइल टाकून देऊ नका. तिचे तीन तुकडे करा. ल्येमेनाचा तुकडा दुसऱ्या दिवसात आलाच आहे. रोकाकोर्बाचा तुकडा, जमीन कोरडी असेल आणि एक दिवस वाढवता आला तर, जिरोनाला परतल्यावर करा. तोवर हातांना ब्रेकची आणि डोळ्यांना मातीची ओळख झालेली असेल. फिनेस्त्रेसचा तुकडा ऑक्टोबरसाठी ठेवा. मात्र तेव्हा शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार असते, वाटेच्या तोंडाशी ‘बातुदा’ लिहिलेली पाटी दिसली की मागे वळायचं.

पैसे भरण्याआधी दुकानाला विचारून मला एवढंच कळवा: टायर किती रुंद, सर्वांत मोठी मागची चकती किती दातांची, आणि पुढचा ब्रेक कोणत्या हातात. सोबत तुमच्या नक्की तारखाही लिहा. त्यावरून दुसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या पाणंद वाटा मी नकाशावर आखून देतो, ओल्या दिवसाची आणि कोरड्या दिवसाची अशा दोन वेगळ्या रंगांत.